ब्रेक नसलेली अँबेसिडर

औंढ्याच्या डोंगरातला डांबरी रस्ता सोडला की खडकवाडीला दीड किलोमीटरचा चढ आहे. त्यात तीन वळणं. एका अंगाला मुरमाचा उभा दरडा, दुसऱ्या अंगाला ओढ्याची घळ. ह्या चढावरून रखमाजीनं बावीस वर्षं अँबेसिडर वर-खाली केली. त्यातली पहिली एकवीस वर्षं त्याला एकदाही भीती वाटली नव्हती.

वाडीतली सगळी घरं मेंढरामागं जाणारी. रखमाजी तेवढा लहानपणी जवळा बाजार गावी गुलाबचंद शेटकडं कापसाच्या गाठी उचलायला लागला. आधी शेटची गाडी धुवायचा, मग पुसता पुसता चालवायला शिकला आणि अठरा वर्षं शेटचा ड्रायव्हर राहिला. शेट गेले तेव्हा त्यांच्या मुलांनी नव्या गाड्या घेतल्या. थोरला म्हणाला, "रखमाजी, बाबांची गाडी भंगारात घालायचं जिवावर येतंय. तुम्हीच घेऊन जा." त्या दिवशी पांढरी अँबेसिडर खडकवाडीला चढून गेली तेव्हा लेकरं शेवटच्या वळणापर्यंत पळत आली होती.

तेव्हापासून वाडीत कुणाला साप चावो, म्हातारं पडो, बाळंतीण अडो, "रखमाजीला सांगा गाडी काढायला" हेच पहिलं वाक्य. मेंढरं सोडून ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला भावकीत जो मान मिळायला नको होता, तो ह्या गाडीनं मिळवून दिला.

पुढं कंपनीनं ही गाडी बनवणंच बंद केलं. हळूहळू दुकानांतला माल आटला. रेडिएटरचा पाइप ट्रॅक्टरचा बसला. मागच्या दाराला गोठ्याच्या फाटकाची कडी लागली. हेडलाइट हैदराबादच्या भंगारातून आला. रखमाजीला ह्याची मजाच वाटायची. कारण ह्यातलं काही तुटलं तर गाडी थांबायची, एवढंच. गाडी थांबणारच नाही, ही भीती वेगळी असते. ती त्याला मागच्या श्रावणात कळली.

त्या दिवशी गाडीत तो एकटाच होता. दुसऱ्या वळणावर त्यानं ब्रेकवर पाय ठेवला आणि पायडल थेट तळाला गेलं. पायाखाली काहीच नाही, जणू पायरी समजून हवेत पाऊल टाकलं. त्यानं घाईघाईनं चार-पाच वेळा पायडल मारलं, तेव्हा कुठं घळीच्या तोंडाशी चाकं धरली. कितीतरी वेळ त्याला दार उघडता येईना.

वसमतला धर्मसिंग मेकॅनिकनं ब्रेकचा मास्टर सिलिंडर खोलला. आतली रबराची वाटी फुगून फाटली होती. ह्या जुन्या मॉडेलात चारी चाकांच्या ब्रेकचं तेल त्या एकाच सिलिंडरातून जातं. तो बसला की चारी चाकं मोकळी. धर्मसिंगनं नांदेडला, परभणीला, हैदराबादला फोन लावले आणि शेवटी मान हलवली.

"मामा, इसका माल अब किधर बी नहीं है."

मग त्यानं दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची वाटी घासून घासून त्यात बसवली.

"चालंल का?" रखमाजीनं विचारलं.

"सपाटीपे चलेगा. उतारपे मत ले जाना."

"माझं घरच वर हाय, सरदारजी."

धर्मसिंग चिंधीनं हात पुसत राहिला. 

गाडी घरी नेताना चढ होता म्हणून निभावलं. घरी सांगायला हवं होतं, ते रखमाजीनं सांगितलं नाही. वाडीत तर नाहीच नाही. ही गाडी काढून घेतली तर मागं काय उरत होतं? मेंढरं नसलेला एक साठीचा माणूस. सकाळी उठला की तो आधी वाकून गाडीखाली बघायचा, मातीत तेलाचा ओला डाग आहे का म्हणून. कुणी गाडी मागितली की बॅटरी उतरलेली असायची, नाहीतर डिझेल संपलेलं. तो गाढ झोपलेला असला तरी उजवा पाय अंथरुणात दाबत राहायचा. बायको यशोदाबाई म्हणायची, "पाय काहून झाडून राहिले?" तो म्हणायचा, मुंग्या आल्या.

तरी दर वेळी नाही म्हणता यायचं नाही. कार्तिकातल्या एका बाजाराला शेजारची अनुसयाबाई आणखी दोघींना घेऊन गाडीत येऊनच बसली. अनुसयाबाई म्हणजे त्याच्या चुलतभावाची, सटवाजीची बायको. रखमाजीनं सगळा उतार पहिल्या गिअरमध्ये उतरवला. बाया मागं हसत होत्या. "भावजी, आज गाडीची बैलगाडी केली काय?" त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. खाली सपाटीला लागल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि लघवीचं निमित्त करून झुडपाआड ओकला.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी, दुपारी, अनुसयाबाई अनवाणी धावत आली.

"भावजी, गाडी काढा! शितलला कळा सुरू झाल्या, पानी बी गेलं."

शितल तिची सून, पहिलटकरीण. नवरा मेंढरं घेऊन परभणीकडं गेलेला. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती दुसरा पेशंट घेऊन हिंगोलीला गेलेली, यायला दीड तास.

 बॅटरीचं खोटं रखमाजीच्या ओठावर तयार होतं. पण सटवाजीच्या ओट्यावर त्याला शितल दिसली. चौकट दोन्ही हातांनी धरून ती वाकली होती. त्याच्याकडं बघून ती म्हणाली, "मामाजी, लौकर."

"गाडीला ब्रेक न्हाईत," रखमाजी म्हणाला.

ओट्याभोवती जमलेली माणसं वळून त्याच्याकडं बघायला लागली.

"हे काय बोलून राहिले?" अनुसयाबाई म्हणाली. "मागल्या बाजाराला तर नेलं तुमी आमाला."

"नेलं. तवा बी नव्हते."

अनुसयाबाईचा चेहरा कसा झाला ते रखमाजीनं बघितलं नाही. त्याला बघवलं नाही. सटवाजीनं एकदा गाडीकडं, एकदा रस्त्याकडं पाहिलं. "बाज आना," तो म्हणाला. "पोरीला उतारापुरतं खांद्यावर नेऊ. रखमा, तू मोकळी गाडी पुढं घे. सपाटीवर तर चालती ना?"

"सपाटीवर चालती."

दोन गडी हातात दगड घेऊन चाकांच्या बाजूनं चालणार, असं ठरलं. यशोदाबाई मुकाट्यानं पुढचं दार उघडून आत बसली.

"उतर," रखमाजी म्हणाला.

"महिनोन्महिने माझ्यापून लपवलं. आता एकले जानार?"

"उतर म्हन्तो ना!" तो एवढ्या मोठ्यानं कधी तिच्यावर ओरडला नव्हता. ती उतरली, पण दाराची कडी तिच्या हातातून सुटेना. एका गड्यानं ती सोडवली.

पहिलं वळण गेलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती. मागं बाजेवरून शितलचं ओरडणं ऐकू येत होतं. दुसरं वळण अर्धं झालं आणि पायडल तळाला गेलं. त्यानं मारून बघितलं, पुन्हा मारलं. ह्या वेळी काहीच धरलं नाही. हँडब्रेकची तार तर कधीच तुटलेली. गिअर आहे तोवर बरं, असं त्याच्या मनात येतंय तोच स्टेअरिंगजवळचा गिअरचा दांडा खट्ट करून सुटला. इंजिनचं कण्हणं एकदम थांबलं आणि गाडी निमूट, आवाज न करता, वेग घ्यायला लागली.

"दगड घाला!" सटवाजी मागून ओरडला. दगड पडले. चाक त्यांवरून उडी मारून गेलं. पुढं तिसरं वळण आणि त्यापलीकडं नुसतं आभाळ. रखमाजीनं स्टेअरिंग सगळ्या अंगानं दरड्याकडं ओढलं. पत्रा फाटत गेला, आरसा तुटून पडला, धुळीनं काही दिसेना. पुढचं चाक दरड्याकडेच्या नालीत गेलं. त्याचं कपाळ स्टेअरिंगवर आदळलं आणि गाडी थांबली. वळण वीस पावलांवर होतं.

बाज येऊन पोचली तेव्हा त्याची बोटं स्टेअरिंगवरून सुटत नव्हती. बाज न थांबता पुढं गेली. अनुसयाबाई क्षणभर थांबली. मागची सीट उखडून पुढच्या सीटवर येऊन पडली होती. ती तिनं बघितली.

"उतरा भावजी," ती म्हणाली. "बाजेला हात लावा."

कपाळावरचं रक्त पुसत त्यानं बाजेचा एक पाय खांद्यावर घेतला. खाली डांबरी रस्त्यावर बाजाराला निघालेला सोयाबीनचा पिकअप मिळाला. ड्रायव्हरनं पोती रस्त्याच्या कडेला उतरवली. जवळा बाजारच्या दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात शितलला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तिसऱ्या दिवशी अनुसयाबाई त्याच्या घरी आली. यशोदाबाईनं चहा ठेवला.

"त्या बाजाराला आमी तिघी व्हतो गाडीत," अनुसयाबाई म्हणाली. "तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मंग काहून नेलं?"

"भ्यालो."

"उताराला?"

"न्हाई. गाडी न्हाई म्हन्लं तर मला कोन इचारंल, ह्याला."

तिनं बशीतला चहा संपवला. मग उठून निघून गेली. त्यानंतर तीन-चार महिने त्याच्या दारात कुणी फिरकलं नाही. गाडी नालीतून ओढून खाली डांबरी रस्त्यालगत एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली होती. रखमाजी रोज उतरून जायचा आणि नुसता तिच्याजवळ बसायचा.

फाल्गुनात धर्मसिंगचा फोन आला. हैदराबादला एक बंद पडलेली टॅक्सी तोडताना अख्खा मास्टर सिलिंडर चांगला निघाला होता, हँडब्रेकची तारही होती. दोन दिवस शेडमध्ये राहून त्यानं सगळं बसवलं आणि गिअरचा दांडाही आवळला. "अब बराबर है," तो म्हणाला. "फिर भी ऊपर मत ले जाना मामा." रखमाजीला ते सांगायची गरज नव्हती. गाडी पुन्हा कधी वर चढली नाही.

पहिली बसली ती शितल. लेकीला इंजेक्शन द्यायला न्यायचं होतं. रखमाजीनं तिला गाडीबाहेरच उभं करून काय नवं आहे, काय जुनं आहे, कशाचा भरवसा नाही, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, लेकराचं टोपडं नीट केलं आणि मागं बसली. "चला मामाजी. पन हळू."

त्यानं हळूच नेली. मोकळा, सपाट, सरळ रस्ता. तरी पुलाच्या अलीकडं त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. पुढं गेल्यावर बाभळीपाशी पुन्हा दाबला. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा मधोमध गाडी थांबली तेव्हा लेकरू जागं होऊन रडायला लागलं.

"आता काय झालं, मामाजी?"

"काही न्हाई माय," रखमाजी म्हणाला. त्यानं पाय उचलून पायडल पुन्हा एकदा दाबलं. "बघून राहिलो."