कप्तान आणि पुढचं शीड

रायपुरात समुद्र नाही, याचं कप्तानांना कधी वाईट वाटलं नाही. नौदलातून निवृत्त होऊन ते वर्ध्याहून इथं आले तेव्हा राज्य नवं होतं आणि नव्या राज्याला सगळंच हवं होतं: सचिवालय, रुंद रस्ते, शिडाची नाव. नाव आधी आली. शहराबाहेरच्या तलावावर ती सांभाळायला कप्तान वर्षाच्या करारावर लागले.

रोज सकाळी ते पाच मिनिटं मान वर करून उभे राहत. नावेचं पुढचं शीड उतरवावं लागत नसे. दोर ओढला की ते डोलकाठीला पुढून धरून ठेवणाऱ्या ताणलेल्या तारेभोवती गुंडाळलं जाई. पण शीड वर धरणारी दोरी डोलकाठीच्या टोकाशी तारेला बिलगली, तर तीही गुंडाळली जाते. मग शीड ना उघडतं ना मिटतं. कप्तानांनी सिलतऱ्याच्या वेल्डरकडून स्टीलची कडी करून घेतली आणि स्वतः चढून बसवली. दोरी तारेपासून दूर ठेवणं एवढंच तिचं काम. तिच्या मंजुरीची फाईल वर्षभर फिरत होती.

जोर लावणाऱ्यांवर त्यांचा राग. "हातानं येत नसंन तं चूक वर हाये. ओढून काहून राहिले?"

लोकार्पणाच्या सकाळी पंडरीहून आलेल्या सजावटवाल्यांनी गुंडाळलेल्या शिडावर रंगीत कापड चढवलं आणि तारेवरून डोलकाठीच्या टोकापर्यंत दिव्यांची माळ नेली.

"साहेब, हे काढा. शीड अडकन," कप्तान म्हणाले.

पर्यटन विभागाचे उपसंचालक नागपूरकडच्या घरातले. मराठी समजे, उत्तर हिंदीत. "बिना सजावट के उद्घाटन होता है क्या? आपका एग्रीमेंट भी इसी महीने रिन्यू होना है न?"

कापड निघालं. माळेचं वरचं टोक मात्र तारेला तसंच राहिलं.

मंत्र्यांना घेऊन नाव निघाली आणि तलावाच्या मध्यावर शीड अर्धं उघडून थांबलं. वारा वाढला, नाव कलली. उपसंचालकांनी दोन शिपायांना हुकूम दिला, "चरखी घुमाओ, ज़ोर से!" कप्तानांनी चरखीवरचा, शीड गुंडाळायचा दोर काढून स्वतःच्या हातात घेतला.

"हात नका लावू. तार तुटली तं हा खांब मंत्र्यायच्या डोक्यावर येईन."

मंत्र्यांनी विचारलं, "क्या कह रहे हैं?"

"स्वागत कर रहे हैं, सर," उपसंचालक म्हणाले.

कप्तान नावेच्या टोकाशी बसले. शीड हातानं थोडं उलटं, थोडं सुलटं फिरवत माळ सुटेपर्यंत त्यांनी घाई केली नाही. मग ते मिटवून नाव इंजिनावर काठाला आणली. अहवालात नोंद झाली: अतिदक्षतेमुळे कार्यक्रमाचा रसभंग. आमच्या वर्तमानपत्राच्या बातमीत लोकार्पण उत्साहात पार पडलं होतं. करार वाढला नाही.

शेवटच्या दिवशी कप्तानांनी शीड उतरवून, घडी घालून भांडारात जमा केलं आणि पावती घेतली. "सांभाळणारा कोणी नाही, तं वर काहून ठेवू? उन्हानं शिवण उसवते, मंग एक दिवस वारा त्याले आपोआप उघडते." ते वर्ध्याला परतले.

शीड पुन्हा चढवायचं कसं, हे विभागात कुणालाच माहीत नव्हतं. नाव धक्क्याला बांधलेली राहिली. लोक तिच्यावर उभं राहून फोटो काढत. अपघात एकही झाला नाही. पुढच्या वर्षी विभागाला सुरक्षित जलपर्यटनाचा पुरस्कार मिळाला. तो स्वीकारणाऱ्या उपसंचालकांचा फोटो आम्ही पहिल्या पानावर छापला.