साहेबांना नाही म्हणणं

माझा दादा वीस वर्षं सुरतेजवळ उधन्याला कापडाच्या लूमवर आहे. तिथल्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, माणसं मान हलवूनच काम भागवतात. दादाची मान मात्र एकाच दिशेने हलायची. डबल पाळी कर, हो. गावाला जाऊ नको, हो. मला भारी राग यायचा. त्याच्या त्या हो-होवर माझं नर्सिंगचं शिक्षण झालं, हे मी सोयीने विसरायचे.

गेल्या वर्षी कारखान्यातून कापडाचे ताके चोरीला गेले. गोदामाच्या किल्ल्या दादा धरून तिघांकडे होत्या, पकडलं फक्त दादाला. जामिनावर सुटला, आणि मग आरोप वाचून दाखवायची तारीख आली. कारकुनाने भराभर वाचलं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "गुनो कबूल छे?"

"हो साहेब," दादा म्हणाला.

कबूल केलंस की आजच्या आज मोकळा, असं कारखान्याच्या मुकादमाने त्याला पढवलं होतं, ते मला नंतर कळलं. मी मागच्या बाकावरून ओरडले, "साहेब, वो सबको हाँ बोलता है!"

शिपाई डोळे वटारून माझ्याकडे निघाला. बाईंनी त्याला थांबवलं आणि दादाला विचारलं, "चोरी तुमने की?"

"नहीं साहेब."

"फिर हाँ क्यों बोला?"

दादा गोंधळून माझ्याकडे वळला. "साहेबले नही कसं म्हनानं?"

कोणीतरी खुसखुसलं. बाई हसल्या नाहीत. दादाला सरकारकडून मिळालेला मोफत वकील दुसऱ्या कोर्टात अडकला होता, त्याला बोलावून घेतलं. त्याने दादाला बाजूला नेऊन समजावलं: कबूल करायची सक्ती तुझ्यावर कोणीच करू शकत नाही. चोरी सिद्ध करायचं काम सरकारी पक्षाचं. कबूल केलंस तर शिक्षा होईल, जन्मभर चोर म्हणवशील.

बाईंनी पुन्हा विचारलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवणार, तोच बाई म्हणाल्या, "उधर नहीं देखना. तुम बोलो."

दादाने कठडा घट्ट धरला. "नही साहेब. मी चोरी नही करी."

केस अजून चालू आहे. त्या दिवशी बाहेर मुकादम उभाच होता. "आज ही छूट जाता," तो म्हणाला. "अगली तारीख पे कबूल कर लेना."

"नही," दादा म्हणाला. या खेपेला साहेबसुद्धा लावलं नाही. मला तिथेच, भर रस्त्यात रडू फुटलं.