बुडाची रांग

अमेरिकेहून आलेलं वार्तापत्र इसिद्रा गुमापाकच्या हातात पडलं तेव्हा ती कोळंबी सोलत बसली होती. इथल्या दुमागेतेच्या विद्यापीठातून शिकून कॅलिफोर्नियाला गेलेल्या पोरींनी तिकडं एक फाउंडेशन काढलं होतं. वर्षातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये जेवणावळ घालायची, जुन्या आठवणींनी रडायचं आणि जमलेल्या देणग्या विद्यापीठाला पाठवायच्या. पहिल्याच पानावर फोटो होता. हातात केळीच्या पानात बांधलेल्या बुदबुदांचं ताट, केसांत फूल, अंगावर चकचकीत झगा. पेर्पेतुआ डागोय! खाली छापलं होतं, 'आमच्या वसतिगृहाच्या चुलीची मालकीण. नवं स्वयंपाकघर हिच्याच नावानं.'

इसिद्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मालकीण?" ती शेजारणीवर खेकसली. "अगं, माझ्या हाताखाली भांडी घासायची ही पेतांग! वरी कुठली नि तांदूळ कुठला, हे मी शिकवलं मेलीला!"

"असू दे गं मानांग," शेजारीण म्हणाली; थोरल्या बाईला तिकडं सगळे मानांगच म्हणत. "अमेरिकेला गेलं की माणूस उंच दिसतं."

"दिसेना का! माझ्या खांद्यावर उभं राहून कशाला?"

खोटं नव्हतं ते. मुलींच्या वसतिगृहात एकतीस वर्षं रांधलं होतं इसिद्रानं. पहाटे चारला चूल, रात्री नऊला झाकपाक. नवरा समुद्रावर गेला तो परत आलाच नाही; तिनं एकशेवीस पोरींची तोंडं भरली आणि स्वतःचा गुडघा कायमचा दुखवून घेतला. तिचं खरं नाव बुदबुदांसाठी. नारळाच्या दुधात वरी शिजवायची, केळीच्या पानात घट्ट वळकटी बांधायची, हंड्यात थरावर थर रचून उकडायची. दर शनिवारी. पेतांगनं नऊ वर्षं तो हंडा घासला, मग म्हातारी माणसं सांभाळायला कॅलिफोर्नियाला गेली. तिथं फाउंडेशनच्या जेवणावळीत हिचे बुदबुद खाल्ले की बायका डोळे पुसत पाकीट उघडतात, असं वार्तापत्रात लिहिलं होतं. इसिद्रानं तो मजकूर पाच वेळा वाचला. मग त्याच कागदात कोळंबीची टरफलं बांधून टाकून दिली.

दोन दिवसांनी कुलगुरूंच्या कचेरीतली क्लोरिंडा आली.

"मानांग, संस्थापकदिनाला स्वयंपाकघराची पाटी उघडायची. अमेरिकेहून फाउंडेशनच्या बायका येणार, पेर्पेतुआही. तुम्ही सगळ्यांत जुन्या. दोन शब्द बोलाल?"

"बोलते की," इसिद्रा म्हणाली. "चांगली पोटभर बोलते."

त्या दिवशी तिनं ठेवणीतला झगा घातला आणि पहाटे उकडलेले साठ बुदबुद घेऊन गेली. एकेक असा की पान उघडलं तर मोत्यासारखी वरी चमकावी. जेवणाच्या टेबलावर पेतांगचं ताट आधीच होतं. इसिद्रानं आपलं ताट त्याच्या अगदी अंगाला नेऊन ठेवलं. खरी कोण नि नक्कल कोण, खाणाऱ्यांनीच सांगावं. त्यानंतर माईक होताच.

पेतांग धावत आली आणि नमस्कारासाठी तिनं इसिद्राचा हात आपल्या कपाळाला लावला. "मानांग! किती बारीक झालात!"

"तू नाही झालीस," इसिद्रा म्हणाली.

फाउंडेशनच्या बायका जमल्या. पांढऱ्या केसांच्या, दणकट हातांच्या नर्सबाया. प्रत्येकीनं आधी इसिद्राचा बुदबुद घेतला, "वा, किती मऊ!" म्हणाली आणि पेतांगच्या ताटाकडं वळली. तिथला घास घेतला की गप्प व्हायची. मेर्लिंडा नावाची फाउंडेशनची अध्यक्षीण तर पान नाकाला लावून उभीच राहिली, डोळ्यांतून धार.

इसिद्रा पुढं झाली. तिनं पेतांगचा एक बुदबुद उचलला, पान उघडलं.

करपलेला! पानाला काळा डाग आणि आत धुराचा वास.

"हे काय गं? बुडाला लागलेलं खाऊ घालतेस पाहुण्यांना?"

"मुद्दाम लावते, मानांग," पेतांग म्हणाली. "नुसते चांगले केले तर कुणी रडत नाही."

"रडायला काय झालं त्यात?"

उत्तर मेर्लिंडानं दिलं. "आम्ही ताटं वाढून शिकलो ना मानांग. फी भरणाऱ्या पोरी वर जेवायच्या. त्या उठल्या की आम्ही स्वयंपाकघरात बसायचो, हंड्यातली बुडाची रांग आमची. मी, सोलेदाद, ही पेतांग. करपलेल्या बुदबुदांची वाटणी करायचो. त्या वासानं अजून पोट भरतं."

इसिद्राला ती बुडाची रांग आठवली. वरच्या पोरींना चांगले, करपलेले खालच्यांना. वाटणी तिनंच केली होती, एकतीस वर्षं. तिनं आजूबाजूला पाहिलं. चांगले खाऊन गेलेल्यांपैकी फाउंडेशनमध्ये एकही दिसली नाही. होत्या त्या सगळ्या बुडाच्या रांगेतल्या.

क्लोरिंडानं माईक दिला. रात्रभर घोकलेलं भाषण इसिद्राच्या जिभेवर तयार होतं.

"ही पेर्पेतुआ," ती म्हणाली, "माझ्या हाताखाली होती. भांडी घासायची. सगळ्यांना ऐकू येऊ दे, भांडी घासायची." पेतांगनं मान खाली घातली. इसिद्राला बरं वाटलं, जरासंच. मग ती घसा खाकरून म्हणाली, "रांधलं मी. पण मी कधी तुमच्यात बसून जेवले नाही. ही जेवली. पाटी राहू दे."

पाटीवरचा पडदा सरकला. सगळे टाळ्या वाजवत राहिले. इसिद्रानं तीन वाजवल्या, चौथी नाही.

ती निघाली तशी पेतांग मागून आली. दबक्या आवाजात म्हणाली, "मानांग, एक सांगा ना. माझे कधी कोळसा होतात, कधी नुसता डाग पडतो. तुमची बुडाची रांग दर शनिवारी सारखीच कशी करपायची?"

इसिद्रा थांबली. शनिवारी दुपारी चारला रेडिओवर नाटकाचा भाग लागायचा. हंड्याखालची आग मंद करून ती कान लावून बसायची, पाणी घालायचं विसरायची. संपल्याचं संगीत वाजलं की दचकून धावायची. बरोबर तेवढा वेळ.

"पाटीवर नाव घेतलंस ना?" ती म्हणाली. "मग करपणं माझ्याकडं राहू दे."

आणि आपलं अर्धं उरलेलं ताट कमरेवर टेकवून, गुडघा सांभाळत, ती फाटकाकडं चालू लागली.