पुलाखाली बांधी

देवकाबाई कापगते आयुष्यात भांडल्या फार थोड्या. प्रश्न मात्र त्यांनी भरपूर विचारले. अर्जुनी मोरगावात त्यांना वांगी विकणारीसुद्धा उत्तरे तयार ठेवूनच टोपली उतरवी. नवरा चैतराम रस्त्यांच्या मोऱ्या बांधणारा ठेकेदार. त्यांना या प्रश्नांचा जाच होई आणि, कबूल करीत नसले तरी, आधारही.

यंदा चैतरामांना प्रथमच नाल्यावरच्या मोठ्या पुलाचे काम मिळत होते. काम अर्धवट सुटले तर नुकसान भरून देण्याची हमी सरकारला विमा कंपनीकडून हवी होती. ती देण्याआधी कंपनीने स्वतःसाठी एक करारनामा पाठवला आणि त्यावर नवरा-बायको दोघांच्या सह्या मागितल्या. कारण इटियाडोह धरणाच्या पाण्यावर पिकणारी धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, देवकाबाईंच्या नावावर होती, माहेरून आलेली.

गोंदियाचा एजंट वीरेंद्र कागद घेऊन घरी आला.

“कर सही. इमा हाये तो,” चैतराम म्हणाले. “आपलं काई बिघडलं तं कंपनी भरते.”

“मंग कंपनीले माही बांधी कायले पायजे?”

“तुले तं शंकाच येतेत! गाडीच्या इम्याले कोणी बांधी मांगतली का?”

“तेच तं म्हणून रायली. गाडीले नाही मांगतली, मंग पुलालेच काऊन?”

वीरेंद्र हसला. “काका, काकूंचं बरोबर आहे. ये बीमा नहीं, जमानत है. काम अडलं तर कंपनी सरकारला भरून देईल आणि तेच पैसे, वकिलाच्या खर्चासकट, तुमच्याकडून वसूल करेल. सही ज्याची, वसुली त्याच्याकडून.”

विमा कंपनीच्या दारातून येते ते सारे विमाच, असे चैतराम धरून चालले होते.

“मंडईच्या जत्रेतल्या नाटकावानी,” देवकाबाई म्हणाल्या. “माहे बाबा गावच्या मंडळासाठी नाटक कंपनीले जामीन रायले होते. तिकिटं खपली नाहीत. बाबानं कंपनीले भरून देलं, आन् मंग मंडळाच्या पोरायच्या घरून धान उचलून आणले.”

“वही, काकू. अगदी तेच.”

माहेरची बांधी पुलाखाली घालायची की नाही, एवढाच प्रश्न उरला. देवकाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिले. चैतरामांनी कोणतेही काम कधी अर्धे टाकले नव्हते; पण एक हाती असताना दुसरे धरण्याची खोड होती.

“पूल होतपर्यंत दुसरं काम धरायचं नाही.”

“उमेंद्र ठेकेदाराले तं हो म्हणून बसलो ना, त्याच्या मोरीसाठी!”

“मंग लावा त्याले फोन.”

चैतरामांनी कुरकुरत, पण तिथेच बसून, फोन लावला आणि काम सोडले. मग देवकाबाईंनी सही केली. “इम्याच्या नाही, तुमच्या भरवशावर हाये हे,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या अधूनमधून पुलावर जाऊ लागल्या. वाळू चाळली का, स्लॅबवर पाणी मारले का, हे विचारू लागल्या. मिस्त्री शालीकराम वैतागला.

“बाई, इथं ठेकेदार कोण हाये?”

“ठेकेदार ते. त्यायची जामीन कंपनी, आन् कंपनीची जामीन मी. पाणी मार.”

चैतराम पलीकडे सळ्या मोजत होते. त्यांनी ऐकले आणि शालीकरामला सांगितले, “मार बाबा, मार. मीबी तेच करून रायलो.”

पूल मुदतीत पुरा झाला. बांधी देवकाबाईंच्याच नावावर राहिली. त्या वर्षीच्या धानाच्या रोवण्याला चैतराम स्वतः चिखलात उतरले, आणि त्यांची ओळ वाकडी का, हे त्यांना विचारले गेलेच.