नटराजाच्या पायाखालचा चेहरा

मेणाचा बुटका माझ्या हातात होता आणि आप्पांनी मोबाईल पुढं धरला होता. फोटोत झुपकेदार मिशीचा माणूस.

"ह्येच तोंड पायजे. मिशीसकट."

कॉलेज सुटल्यावर मी घोडेगावजवळ मूर्तींच्या वर्कशॉपमध्ये काम करते. राहते शिनोलीला. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मोठ्यांपुढे बोलताना अजून चाचरते. आमच्याकडे मूर्ती आधी मेणात घडते. तिच्यावर मातीचा साचा चढवून भाजला की मेण वितळून जातं, त्या पोकळीत ब्राँझ ओततात. म्हणजे चेहरा बदलायचा तो मेणातच.

आप्पा महाळुंगे पडवळचे बागायतदार. गावच्या महादेवाला नटराज देणार होते. नाचणाऱ्या शंकराच्या पायाखाली बुटका असतो, त्याला त्यांना चुलतभावाचं तोंड हवं होतं. दोघांचं बांधावरून वाजलेलं.

मालकांनी मला बाजूला घेतलं. ऑर्डर मोठी आहे, मिशी लाव नि मोकळी हो, म्हणाले. मला पटेना. त्या भावाची पोरंही त्याच देवळात येणार होती.

मी आप्पांना अडखळतच सांगितलं. डमरू म्हणजे निर्मिती, हातातली ज्वाला म्हणजे शेवट, उचललेला पाय म्हणजे आसरा. बुटका म्हणजे अज्ञान. तुमचं, माझं, सगळ्यांचं.

"आमच्या भावाएवढं अज्ञान तालुक्यात न्हाई, ताई. बसवा तुमी."

मालक हसले. मी कोरणी खाली ठेवली आणि म्हणाले, हे मी करणार नाही. मालकांचं हसू गेलं. मग उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले.

तरी मी आप्पांना आणखी एक विचारलं. ह्या मूर्तीला अभिषेक कधी घालणार?

"दर सोमवारी."

"शंकर ह्याला मारत नाही, आप्पा. नुसता दाबून धरतो. देवाच्या अंगावरचं दूध ओघळून ह्याच्याच डोक्यावर येणार. बेल, फुलं ह्यालाही. तुम्ही वाकलात की आधी हाच दिसणार."

आप्पांनी फोटो पुन्हा बघितला. "म्हंजी मी ह्याच्या पाया पडायचं?"

"तुम्ही, आणि नंतर तुमची पोरं."

मोबाईल खिशात गेला. "ऱ्हाऊ द्या. साधंच तोंड करा."

आप्पांनी मालकांना बजावलं, मूर्ती हीच पोरगी पुरी करणार. मालकांनी मला चहा सांगितला. उद्याचा विषय पुन्हा निघाला नाही. नटराज आता देवळात आहे, गोबऱ्या गालांच्या बुटक्यासह. बांधाची केस चालूच आहे.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मी मूर्तीचा अर्थ नंतर सांगते. अभिषेकाचं पाणी कुठं कुठं जाईल, ते आधी दाखवते.