अप्पा विजापूरकडे जाईनात

दसऱ्याला बिदरचा किल्ला बघायचा बेत होता. तो सुषमानं, म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं मोडला. "किल्ला कुठं पळून जायलाय? आमच्या गावाला चल. यंदा पाहुणे येणारेत." पाहुणे म्हणजे तिला बघून पसंत केलेली, पण अजून होकार न कळवलेली माणसं.

तिच्या गावासाठी उदगीरहून औरादची बस धरायची. तिकीट किरकोळ. खिडकी धुळीच्या बाजूची घेऊ नका असं सांगितलं असतं, पण दोन्ही बाजू धुळीच्याच आहेत. घरी भाकरी, वरण आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर होती. हुग्गीवर तूप नको म्हणायची सोय नाही.

सुषमाचे मूळपुरुष राजपूत सरदार. बिदरच्या सुलतानाचे चाकर, पण ऐन लढाईत विजापूरच्या सुलतानाला मिळाले. पुढे मोगल आले तेव्हा तिकडेही जाणार होते, पण वय झालं होतं. गावानं या इतिहासाची रस्सीखेच केली आहे. वरची गल्ली बिदर, खालची विजापूर. सरदाराच्या घरातला थोरला पुरुष आधी बिदरकडून ओढतो आणि हलगी थांबली की दोर सोडून विजापूरकडे जातो. मग विजापूर जिंकतं. दरवर्षी.

सकाळीच सुषमानं वडिलांना बजावलं होतं, "अप्पा, पाहुण्यांसमोर फितुरी नको. सोयरीक मोडंल."

"बरं. न्हाई जात."

हलगी थांबली. अप्पा जागचे हलले नाहीत. दोन्ही गल्ल्या दोर धरून वाट बघत राहिल्या.

"अप्पा, या की! कामून थांबलात?" विजापूरकडून हाक आली.

"जावा ओ, आमचे हात भरून यायलेत," बिदरवाल्यांनीही कळवलं.

तेवढ्यात पाहुण्यांनी शेजारच्याला विचारून सगळा इतिहास समजून घेतला. अप्पा मान खाली घालून उभे होते. सत्तरीचा माणूस असा कोंडीत सापडलेला बघून मला फार वाईट वाटलं.

शेवटी ओट्यावरून सुषमाच ओरडली, "अप्पा, जावा तुमी!"

अप्पा गेले. विजापूर जिंकलं. पाहुण्यांनी आपट्याची पानं घेतली, हुग्गी खाल्ली, "आमच्याकडं असलं काही नसतं" म्हणाले आणि उजेड आहे तोवर निघाले.

मी उदगीरला परतले. किल्ला राहिलाच. चौथ्या दिवशी सुषमा कामावर आली. नकार आला होता.

"वाईट वाटलं?"

"व्हय, वाटलं की." तिनं डबा उघडला. "पण अप्पा तसे उभे ऱ्हायलेले बघवंना. पुढल्या वर्षी मी विजापूरकडं उभी ऱ्हाणार हाय. त्यांचे गुडघे दुखतेत. तिकडं आल्यावर हाताला धरायला कुणीतरी पायजे."