दिगूचा पासवर्ड

दिगू आज पहाटे गेला. बंदरावरचं ॲप चालू आहे.

ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी लिहू नयेत, हे कळतं. पण दिगूला हाच क्रम आवडला असता.

मालवणच्या होड्यांना मोबाइलवर वारा आणि लाटा दिसतात. ही माहिती हवामानाच्या सर्व्हरकडून मागून आणणारी लायब्ररी, म्हणजे ॲपच्या पोटातला प्रोग्राम, दिगूने लिहिली. फुकट. पडवीत बसून, सुकत घातलेल्या जाळ्यांकडे बघत.

आणि सगळ्या होड्यांना मिळून पासवर्ड एकच. दिगूचा स्वतःचा.

"प्रत्येकाला आपापलं खातं उघडायला सांग ना," मी म्हणालो होतो.

"आपल्याच माणसांका नाव-गाव इचारू? तोंडार मारतले माज्या."

घरच्या माणसाला दारात अडवायचं नसतं. हा नियम त्याने सर्व्हरलाही लावला.

मग सर्व्हरवाल्यांनी कळवलं, पासवर्ड बंद होणार, यापुढे टोकन. त्याच सुमारास दिगूच्या किडन्याही बंद पडत चालल्या. आधी कोण संपतं यावर तो माझ्याशी पैज लावायला बघत होता.

टोकन म्हणजे दर होडीला वेगळा परवाना, थोड्या वेळाने शिळा होणारा. शिळा झाला की लायब्ररीने आपणहून नवा आणायचा.

"म्हणजे मुद्रा," मी म्हणालो; संस्कृत शिकवणाऱ्याला दुसरं काय सुचणार. "राजा देणार, द्वारपाल आत सोडणार."

"शास्त्रीबुवा, भर दर्यात मुद्रा संपली तर तुमचो राजा काय करतलो? थंय रेंज नाय."

खरी मेख तीच होती.

ओरोसला डायलिसिसला जाताना एसटीत लॅपटॉप मांडीवर. कधी तो नुसते डोळे मिटून बसायचा. बाहेर भातशेती सरकत राहायची.

"झोपलास?"

"नाय रे. टोकन संपल्यार होडयेत कसा वाटता, ता बघतंय."

मला वाटायचं, हा बसमध्ये नाहीच. जमीन दिसेनाशी झालीय, आणि हा शांतपणे वल्ही आत घेऊन बसलाय.

शेवटी त्याने लायब्ररीला शिकवलं: किनारा सुटण्याआधी टोकन ताजं कर. नाहीच जमलं, तर शेवटचा कळलेला वारा वेळेसकट दाखव. गप्प बसू नकोस.

नाव विचारायला घरोघरीही गेला. कोणी तोंडावर मारलं नाही. चहा मात्र पाजला, जो त्याला वर्ज्य होता.

परवा दुपारी पडवीत त्याचा आतेभाऊ बाबल होता, होडीवाला. दिगूने लॅपटॉपवर स्वतःचं जुनं खातं उघडलं आणि कायमचं पुसून टाकलं.

"बाबल, आता उघड ॲप. वारो खंयचो?"

"वायव्येचो."

"लाट?"

"बारीक."

"म्हणजे माज्याशिवाय चलता."

"ॲप चलता," बाबल म्हणाला. "आमचा काय, ता इचारू नको."

दिगू हसला.

आज बंदरातून एकही होडी बाहेर पडली नाही.

मोबाइलवर वारा मंद, लाटा बारीक. मासेमारीला इतका चांगला दिवस आम्ही वाया घालवला म्हणून त्याने सगळ्यांना शिव्या घातल्या असत्या.

सावकाश जा रे, दिगू. आम्हा सगळ्यांचा नमस्कार.